दोन तास हाक मारू नका!

'आमचा मुलगा कॅटची तयारी करतोय' आणि 'मुलगी सध्या घरीच आहे, कसलीशी परीक्षा देतेय' ही दोन वाक्यं मी गेल्या काही वर्षांत इतक्या घरांतून ऐकली आहेत की आता ती मला पाठ झाली आहेत. परीक्षा एकच. तारीख एकच, फी एकच, पुस्तकंही तीच. पण मुलगा करतो ती 'तयारी' आणि मुलगी असते ती 'घरी'! एकदा तर एकाच घरातल्या दोन भावंडांबद्दल, एकाच आईच्या तोंडून, एका दमात मी हे ऐकलं. बरं, ही आई काही मुलीचा दुस्वास करणारी नव्हे. क्लासची फी तिने दोघांचीही भरली होती. मुलीची तर स्वतःच्या भिशीतून.

नाशिकमध्ये आमच्या महिला मंडळाची एक छोटी अभ्यासिका आहे. पंचवीस-तीस खुर्च्या, दोन जुने कॉम्प्युटर आणि एक कूलर, तोही मनाला येईल तेव्हा चालणारा. बहुतेक मुलंमुली एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षांची असतात. अलीकडे मात्र एमबीए प्रवेशाच्या परीक्षा देणाऱ्या चार-सहा मुली दरवर्षी येऊ लागल्या आहेत. मी स्वतः इतिहास घेऊन बी.ए. झालेली. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध आला तो वाण्याच्या यादीपुरता आणि बचत गटाच्या वहीपुरता. पण या मुलींच्या शेजारी बसून बसून मला या परीक्षेची गोडी लागली, आणि त्याहीपेक्षा ती परीक्षा आपल्या घरांबद्दल जे सांगते त्याची.

ज्यांच्या घरात ही परीक्षा अजून शिरलेली नाही, त्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. कॅट म्हणजे आयआयएम आणि देशातल्या इतर अनेक व्यवस्थापन संस्थांसाठीची प्रवेश परीक्षा. आयआयएम ती आळीपाळीने घेतात, साधारणपणे नोव्हेंबरअखेरच्या रविवारी. २०२५ मध्ये ती ३० नोव्हेंबरला झाली. कॉम्प्युटरवर दोन तासांचा पेपर, तीन विभाग : इंग्रजी वाचन आणि भाषा, माहितीचे तक्ते आणि तर्क, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं. ती संपली की पुढचा विभाग आपोआप उघडतो, मागे फिरता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्याय दिलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुण वजा. आपल्या राज्याची एमबीए सीईटी वेगळी. २०२५ च्या परीक्षेत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं होती, चुकीला दंड नव्हता. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारख्या संस्थांची दारं त्यातून उघडतात.

कॅटला कोणत्याही शाखेची पदवी चालते. ५० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. वयाची अट नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण 'बीएवाल्यांचं तिथे काय काम?' हा प्रश्न मला बीए झालेल्या मुलींच्या आयाच विचारतात. गणित म्हणाल तर ते मुख्यतः दहावीपर्यंतचंच. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा, थोडी भूमिती. फक्त विचारण्याची पद्धत तिरकी. आणि इंग्रजी उताऱ्यांत तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, इतिहास, कलेचा इतिहास असे विषय असतात. ते उतारे वाचताना इंजिनीअर मुलांच्या कपाळावर आठ्या पडतात, तेव्हा मला मनातून जरा बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू! मराठी माध्यमातल्या मुलींना तिथे खरी अडचण इंग्रजीची येते, विषयाची नाही. त्यावर उपाय एकच, रोज इंग्रजी वाचणं. सहा महिने, आठ महिने, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही.

२०२३ च्या कॅटचा निकाल लागला तेव्हा १४ जणांना १०० पर्सेंटाइल होते. चौदाच्या चौदा मुलगे. ती बातमी अभ्यासिकेत वाचली गेली आणि एका मुलीने मला विचारलं, ''ताई, मुलांचं डोकं खरंच जास्त चालतं का हो?'' डोक्याचं मला काय कळणार! पण दुपारी दारावरची बेल वाजली की अभ्यासातून कोण उठतं, ते मला चांगलं कळतं.

या परीक्षेची तयारी म्हणजे काय, तर आधी विषय पक्के करायचे आणि मग सराव परीक्षा द्यायच्या, ज्यांना सगळे 'मॉक' म्हणतात. एक, दोन नव्हे, पंचवीस-तीस. प्रत्येक मॉक सलग दोन तासांचा. घड्याळ एकदा सुरू केलं की थांबवायचं नाही, नाहीतर त्या मॉकला अर्थ नाही. मॉक दिल्यावर तो तपासायला पुन्हा तीन-चार तास. कुठे वेळ गेला, कुठला प्रश्न सोडायला हवा होता, कुठे घाई झाली. खरा अभ्यास तिथेच होतो, असं आमच्याकडे शिकवायला येणारा मुलगा सांगतो.

आता आपल्या घरात मुलीला सलग दोन तास मिळवून दाखवा! मुलगा मॉक देत असेल तर दार लोटलेलं असतं, टीव्ही बारीक असतो, आजी चालतानाही काठी हळू टेकते. मुलगी मॉक देत असेल तर दार उघडंच. ''अगं, जरा कुकर बंद कर तीन शिट्ट्या झाल्या की,'' एवढंच सांगितलेलं असतं. एवढंच! पण त्या तीन शिट्ट्या मोजायला तिचा एक कान दोन तास स्वयंपाकघरात ठेवावा लागतो. चाळीस मिनिटांत बावीस-चोवीस प्रश्न असतात. एका कानाने त्यांतले किती सुटतील? आणि गंमत म्हणजे, कुणीही तिला अभ्यास करू नको असं म्हटलेलं नसतं. विचारलं तर आई म्हणेल, आम्ही तिला काही कामच सांगत नाही हो. खरंच सांगत नाहीत. फक्त हाका मारतात.

दुसरी एक गोष्ट याहून खोलवरची आहे. कॅटमध्ये सगळे प्रश्न सोडवायचेच नसतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरातले साधारण नव्याण्णव तुमच्या मागे. २०२४ मध्ये एकूण २०४ गुणांचा पेपर होता, आणि त्यातले जेमतेम निम्मे गुणसुद्धा त्या उंचीला पुरत होते. तेव्हा कुठला प्रश्न सोडवायचा यापेक्षा कुठला सोडून द्यायचा, ही कला. मुलगे बिनदिक्कत सोडून देतात. आमच्या मुली अवघड प्रश्नाला चिकटून बसतात. दहा मिनिटं जातात, घाम फुटतो, पण सोडवत नाही. पानात टाकायचं नाही, वाढलेलं सगळं संपवायचं, हे आपणच त्यांच्या अंगात मुरवलंय ना! शाळेतही या मुलींचा पेपर कसा, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत पूर्ण, समास आखलेला. इथे तो गुण आडवा येतो. तक्त्यांच्या विभागात चार-पाच कोडी असतात, त्यांतली दोन-तीन नीट निवडून पुरी केली तरी चांगलं भागतं. हे पटवायला मला एकेका मुलीशी महिनाभर वाद घालावा लागतो.

वर्षाचंही तसंच. पहिल्या खेपेला मनासारखे पर्सेंटाइल मिळाले नाहीत तर मुलगा 'ड्रॉप' घेतो. एक वर्ष आणखी. घर कुरकुरतं, पण देतं. मुलीला मिळतो तो एक प्रयत्न, आणि त्याच वर्षी तिचा बायोडाटाही फिरत असतो. लग्न जमवायचा बायोडाटा, नोकरीचा नव्हे! ''होईल तोवर होऊ दे अभ्यास, स्थळ चांगलं आलं तर बघू,'' हे वाक्य बोलणाऱ्याला फार उदार वाटतं. पण डोक्यावर असं टांगलेलं वर्ष आणि दिलेलं वर्ष यांत फरक असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीला ऑक्टोबरात, परीक्षेला सहा आठवडे असताना, तीन वेळा दाखवायला नेलं. तिसऱ्यांदा ती मॉकचे कागद पर्समध्ये घेऊन गेली होती.

काही आयआयएम मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना मुलींना, आणि इंजिनीअरिंग सोडून इतर शाखांच्या पदवीधरांनाही, थोडे जादा गुण धरतात. कोझिकोडच्या आयआयएममध्ये २०१३ सालच्या तुकडीत निम्म्याहून जास्त मुली होत्या, आणि त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली होती. 'फुकटचे मार्क' असं या जादा गुणांना हिणवलं जातं. अभ्यासिकेतले मुलगेही हिणवतात आणि मुली खाली मान घालून ऐकतात. मला विचाराल तर यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. मुलगी आहे म्हणून बहुतेक ठिकाणी प्रत्येक विभागाची किमान पात्रता खाली येत नाही, ती तिला गाठावीच लागते. पुढे मुलाखतही तीच. आणि ज्यांना त्या गुणांचा राग येतो त्यांनी एक महिना बेल वाजल्यावर आपण उठून पाहावं, मग बोलू.

पण परीक्षेपेक्षाही मुली जास्त अडखळतात त्या पुढच्या टप्प्यावर. अर्ज, निबंध आणि मुलाखत. काही संस्था अर्जातच विचारतात : तुम्ही पुढाकार घेतल्याचा एखादा प्रसंग लिहा. तुमच्यापुढे आलेली अडचण आणि तुम्ही काढलेला मार्ग लिहा. तुम्हाला व्यवस्थापन का शिकायचं आहे?

एका मुलीची आई सातपूरच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पुरवते. साठ-सत्तर डबे रोज. मुलगी बारावीपासून त्याचा सगळा हिशोब ठेवते. कोणाचे किती दिवस भरले, कोणाची उधारी थकली, भाजी कुठून आणायची, पोळ्यांना बाई किती रुपयांवर ठेवायची. तेल महागलं तेव्हा डब्याचे पाच रुपये वाढवावेत की भाजी बदलावी, हे तिने ठरवलं. पंधरा दिवस वहीत लिहून, दोन्हींचा हिशोब मांडून मग ठरवलं. आणि अर्जातल्या त्या प्रश्नापुढे या मुलीने जागा कोरी ठेवली होती! मी विचारलं तर म्हणाली, ''मी कुठे काय केलंय ताई? आईला मदत केली.''

मग आम्ही तिला बसवून लिहायला लावलं. पहिला मसुदा आला त्यात सगळीकडे 'आम्ही'. आम्ही ठरवलं, आम्ही वाढवलं, आम्हाला फायदा झाला. शिकवणारा मुलगा म्हणाला, यात तू कुठे आहेस? दुसऱ्या मसुद्यात 'आईने'. तिसऱ्यात कसाबसा 'मी' आला, तोही वाक्याच्या शेवटी, चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहावा तसा. 'मीपणा नको' हे आपण मुलींना इतकं लहानपणापासून सांगतो की 'मी केलं' आणि 'मीपणा' यांत काही अंतर असतं, हे त्यांना कुणी सांगतच नाही. मुलग्याला हा प्रश्न पडत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला मांडव घालायला उभा राहिला असला तरी तो 'मी अमुक इतक्या लोकांचं नियोजन केलं' असं लिहून मोकळा होतो. आणि त्यात वाईट काही नाही, केलंच असेल त्याने!

अशा वेळी निबंध विकत देणारेही भेटतात. पाच हजारांत, दहा हजारांत तयार मजकूर. मी दोन-तीन वाचले. प्रत्येकात मुलीला लहानपणापासून नेतृत्वाची आवड असते आणि एका सहलीत तिचं आयुष्य बदललेलं असतं. मुलाखत घेणाऱ्यांनी असे शेकडो वाचलेले असतात, दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. साठ डब्यांचा हिशोब असा उघडा पडत नाही, कारण त्यावर कुठूनही प्रश्न विचारा, मुलीला उत्तर ठाऊक असतं.

अर्जातल्या अनुभवाच्या रकान्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तिथे सहसा पदवीनंतरची, पगाराची, पूर्णवेळ नोकरी धरतात. डब्यांचा व्यवसाय सांभाळलेली पाच वर्षं तिथे शून्य. आजारी सासूचं दोन वर्षं केलेल्या मुलीला मुलाखतीत 'ही दोन वर्षं रिकामी का?' असं विचारतात. रिकामी! मग काय सांगायचं? आम्ही मुलींना एवढंच शिकवतो की माफी मागू नका. जे केलं ते सांगा, त्या काळात काय वाचलंत, काय शिकलात ते सांगा आणि थांबा. एका खासगी संस्थेत आमच्या एका मुलीला 'लग्नाचा विचार काय?' असंही विचारलं गेलं. तिने 'तुमच्या पुरुष उमेदवारांनी काय उत्तर दिलं?' असं विचारलं. प्रवेश मिळाला नाही, पण आल्यावर आम्ही तिला पेढे दिले.

आता जरा रुक्ष भाग, पण सर्वांत जास्त मुली इथे गळतात. कागदपत्रं. लग्न झालेल्या मुलीची पदवी माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचं, जातीचा दाखला वडिलांकडचा. फॉर्ममध्ये एक नाव, ओळखपत्रावर दुसरं. परीक्षेच्या दारात यावरून अडवलं जाऊ शकतं. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद, विवाह प्रमाणपत्र, हे आधीच काढून ठेवायला हवं. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि प्रवेश सुरू होतात उन्हाळ्यानंतर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळं एकदम तहसीलच्या रांगेत. मी दरवर्षी एप्रिलमध्ये मुलींच्या मागे लागते, आणि दरवर्षी जुलैत धावपळ होतेच.

हे कागद इतके महत्त्वाचे का, तर त्यांवर पैसा अवलंबून आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना, सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ते लागू नाही. म्हणजे सीईटी चांगली देऊन रांगेतून येणं हेच फायद्याचं. आयआयएमची गोष्ट वेगळी. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर आहे. त्यासाठी कर्जं मिळतात. पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे.

कर्ज म्हटलं की घरात शांतता पसरते. मुलाच्या कर्जाला वडील 'फेडेल तो' म्हणतात. मुलीच्या कर्जाला म्हणतात, ''कर्ज घेऊन ही सासरी कशी जाणार?'' लग्नासाठी दहा लाख बाजूला काढलेले असतात, त्यांना मात्र कुणी कर्ज म्हणत नाही. मी यावर घरोघरी भांडून पाहिलंय. काही घरांत जमलं, काहींत चहा पिऊन परत आले. अर्थात कुठल्याही चकचकीत इमारतीत बारा-पंधरा लाख ओतावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलींना भेटा, त्यांना कुठे किती पगार मिळाला ते विचारा, मगच पैसे भरा. नोकरीची जी आकडेवारी माहितीपत्रकात छापतात तिच्यावर जाऊ नका.

राहिला परीक्षेचा दिवस. कॅट त्या रविवारी तीन सत्रांत होते : सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. अर्जात परीक्षेची शहरं पसंतीने निवडता येतात, पण सत्र आपल्या हातात नाही. संध्याकाळचं सत्र साडेसहाला सुटतं. नोव्हेंबरात तेव्हा काळोख झालेला असतो, आणि केंद्र शहराच्या टोकाला एखाद्या कॉलेजात. निफाडकडची एक मुलगी तेवढ्या कारणाने परीक्षेला बसली नव्हती. अडीच हजार रुपये भरलेले, अभ्यास झालेला, सत्र संध्याकाळचं, आणि रात्रीची एसटी नको म्हणून घरून नकार. त्यानंतर आमच्या मंडळातल्या बायकांनीच ठरवलं की त्या दिवशी केंद्राबाहेर आपण स्कूटी घेऊन थांबायचं आणि लांबच्या मुलींना रात्री आपल्या घरी मुक्कामाला न्यायचं. पहिल्या वर्षी एक स्कूटी पुरली. गेल्या खेपेला तीन लागल्या, आणि त्यांतली एक त्या डबेवाल्या आईची होती. पाठीमागे रिकाम्या डब्यांची पिशवी बांधलेली होती, ती तिने मुलीला मांडीवर घ्यायला सांगितली.